विमानांवरचा बोजा आणि सतरा वर्षांचा विलंब

वाडिया समूहाच्या 'गो फर्स्ट' या विमान कंपनीने २ मे २०२३ रोजी स्वतःहून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्याच दिवशी तिची उड्डाणे थांबली. अमेरिकी कंपनीची इंजिने नादुरुस्त निघाल्याने निम्मा ताफा जमिनीवर आला, हे तिचे म्हणणे होते. १० मे रोजी अर्ज दाखल करून घेताना न्यायाधिकरणाने कंपनीच्या मालमत्तेवर स्थगितीचे कवच घातले. या कवचाखाली चोपन्न विमानेही आली, आणि ती कंपनीच्या मालकीची नव्हती. परदेशी भाडेकंपन्यांनी भाड्याने दिलेली ही विमाने परत मिळवण्यासाठी त्यांना जवळजवळ वर्षभर न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी, पाच कामकाजी दिवसांत विमानांची नोंदणी रद्द करा, असा आदेश दिला तेव्हा हा गुंता सुटला. तोवर उभ्या विमानांचे सुटे भाग काढले गेल्याच्या तक्रारीही न्यायालयात पोहोचल्या होत्या.

हा वाद समजून घ्यायला विमानतळावर जाण्याची गरज नाही. भिवंडीच्या धामणकर नाक्यावर उभ्या असलेल्या कर्जाऊ टेम्पोच्या नोंदणी पुस्तकातही तेच तत्त्व लिहिलेले असते. वाहन कर्जावर घेतले की परिवहन कार्यालय वित्तसंस्थेच्या बोजाची नोंद करते. टेम्पोवाल्यांच्या भाषेत 'एचपी' चढते. तो उतरल्याशिवाय गाडी विकता येत नाही आणि हप्ते थकले तर वित्तसंस्था गाडी ताब्यात घेऊन मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमानुसार नोंदणी आपल्या नावे मागू शकते. नोंद भक्कम म्हणून कर्ज सहज मिळते, हा साधा व्यवहार.

टेम्पोचा बोजा मात्र भारतीय कायद्याच्या हद्दीत राहतो. विमानाचे तसे नाही. सकाळी मुंबईत असलेले विमान दुपारी दुबईत असते. एका विमानाचे इंजिन दुरुस्तीसाठी काढून दुसऱ्याच्या पंखाखाली बसवले जाते. कोणत्या देशाचा कायदा, कोणत्या न्यायालयाचा हुकूम, हे ठरवण्यातच महिने जातात. त्यासाठी १६ नोव्हेंबर २००१ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे एक करार आणि विमानांविषयीचा स्वतंत्र मसुदा संमत झाला. विमानाचा सांगाडा, इंजिने आणि हेलिकॉप्टर यांच्यावरील हक्कांची नोंद डब्लिन येथील आंतरराष्ट्रीय नोंदवहीत व्हावी आणि जो आधी नोंदवेल त्याचा हक्क आधी, हा त्याचा गाभा. इंजिनाची नोंद स्वतंत्र होते, ही त्यातली मोठी सोय. पंख बदलला म्हणून मालक बदलत नाही. शिवाय विमान कंपनी भाडेकराराच्या वेळीच धनकोला नोंदणी रद्द करण्याचे आणि विमान देशाबाहेर नेण्याचे अधिकारपत्र लिहून देते. ते मागाहून एकतर्फी मागे घेता येत नाही.

भारत या करारात ३१ मार्च २००८ रोजी सामील झाला आणि १ जुलैपासून तो भारताला लागू झाला. दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीने दोन महिन्यांत थकबाकी चुकती करावी, नाहीतर विमान परत द्यावे, हा कडक पर्यायही भारताने स्वीकारला. पण आपल्या घटनेनुसार आंतरराष्ट्रीय करार सहीने कायदा होत नाही. त्याच्या अंमलबजावणीचे कायदे २५३ व्या अनुच्छेदाखाली संसदेने करायचे असतात. ते काम रेंगाळले. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, तेव्हा विमाने परत नेताना भाडेकंपन्यांची दमछाक झाली. २०१५ मध्ये विमान नियमांत बदल होऊन अधिकारपत्राच्या आधारे पाच दिवसांत नोंदणी रद्द करण्याची तरतूद आली. पुढच्याच वर्षी नादारी व दिवाळखोरी संहिता आली आणि तिच्या १४ व्या कलमातील स्थगितीने भाड्याच्या वस्तूही परत घेण्यास मनाई केली. संसदेचा कायदा आणि त्याखालचा नियम यांची गाठ पडली की कोण जिंकणार, हे उघड होते. विधेयकाचे मसुदे २०१८ मध्ये आणि २०२२ मध्ये चर्चेसाठी निघाले आणि तिथेच थांबले. 'गो फर्स्ट'नंतर ३ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्राने अधिसूचनेने विमानांना स्थगितीतून वगळले, म्हणजे आग लागल्यावर विहीर खणली. पूर्ण कायदा २०२५ च्या एप्रिलमध्ये संमत होऊन १ मे २०२५ पासून लागू झाला. करार आणि दुसरा कायदा यांत विरोध आल्यास आता करार वरचढ ठरतो.

भारतातील बहुतांश प्रवासी विमाने भाड्याची आहेत. परतीची हमी नसलेल्या बाजारात भाडेकंपनी जोखमीचे पैसे भाड्यातच मिळवते आणि ते शेवटी तिकिटावर चढतात. त्यामुळे कायदा हवा होता, याविषयी दुमत नसावे. वाद आहे तो त्याच्या दुसऱ्या बाजूचा. दोन महिन्यांत विमाने गेली की पुनरुज्जीवनाचा आराखडा कशावर करायचा? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तेव्हा भाड्याची बरीच विमाने दिवाळखोरी प्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच परत गेली होती. पुढे साडेपाच वर्षे उलटल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. 'गो फर्स्ट'चे अवसायन जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले. विमाने गेल्यावर उरतो तो परवाना, काही उड्डाणवेळा आणि देणी.

या देण्यांत मुंबई-ठाण्यातील तंत्रज्ञ, हवाई कर्मचारी, जमिनीवरील कामगार यांचे पगार असतात. संहितेच्या ५३ व्या कलमात कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या थकबाकीला तारणदार धनकोंच्या बरोबरीचे स्थान आहे, पण ते कंपनीच्या मालमत्तेतून. भाड्याचे विमान त्या मालमत्तेत धरलेच जात नाही. विमानावर थेट हक्क सांगण्याची एक वाट २००८ मध्ये भारताने कराराबरोबर जाहीर केली होती: कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगाराचा बोजा नोंदणीवाचूनही धनकोच्या आधी येतो. अट अशी की पगार भाडेकराराचा भंग जाहीर झाल्यानंतरचा हवा. आजारी विमान कंपनी पगार थांबवते ते बहुधा त्याच्या कितीतरी आधी, आणि ते महिने या संरक्षणाबाहेर राहतात. ही मर्यादा रुंदावण्यासाठी करारातच सोय आहे. सदस्य देश नवी घोषणा रोम येथील 'युनिद्रुआ' या संस्थेकडे पाठवू शकतो. सहा महिन्यांच्या मुदतीनंतर ती लागू होते, फक्त आधीच्या भाडेकरारांतून निर्माण झालेल्या हक्कांना ती धक्का लावू शकत नाही. म्हणजे आज घोषणा बदलली तरी आज उडणाऱ्या ताफ्यावरचे हक्क तसेच राहतील आणि लाभ मिळेल तो यापुढे येणाऱ्या विमानांवरच.