संशोधन करायचंय, पण गाइडला कोण शिकवणार? ठाणे-डोंबिवलीच्या विद्यार्थ्यांसमोरचा नवा प्रश्न

बीएस्सी आता चार वर्षांची करता येते आणि चौथ्या वर्षी थेट संशोधन करता येते. हा बदल ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचतो आहे. विद्यार्थ्याने काय करायचे, हे नियमांत आहे. गाइडने त्याला कसे घडवायचे, हे शिकवण्याची सोय मात्र नियमांत नाही.

नेमका बदल काय?

महाराष्ट्रात नवे शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. म्हणजे पहिल्या तुकडीचे चौथे वर्ष २०२६-२७ मध्ये येते. यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येते. त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के मिळाले, तर एमएस्सी न करताही पीएचडीसाठी अर्ज करता येतो.

ठाण्याचे बांदोडकर, कल्याणचे बिर्ला किंवा डोंबिवलीचे पेंढरकर महाविद्यालय घ्या. पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनाची चव मिळायची ती प्रामुख्याने 'आविष्कार'सारख्या स्पर्धेतून. तिथे पोस्टर लावून काही मिनिटे बोलायचे असते. वर्षभराच्या प्रकल्पात प्रयोग फसतात, आकडे जुळत नाहीत. तेव्हा सोबत कोण आहे, यावर बरेच ठरते.

गाइडसाठी नियम काय?

यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार प्राध्यापक एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापक ६ आणि सहायक प्राध्यापक ४ विद्यार्थी घेऊ शकतात. गाइड होण्यासाठी पहिल्या दोघांचे किमान ५, तर सहायक प्राध्यापकांचे किमान ३ शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असावे लागतात. मार्गदर्शनाचे प्रशिक्षण ही पात्रतेची अट नाही.

थोडक्यात, चांगला संशोधक हा चांगला गाइडही असणार, असे धरून चालले जाते. बहुतेक जण आपल्या गाइडकडे पाहून शिकतात. तो चांगला असेल तर उत्तम, नसेल तर त्याच सवयी पुढच्या पिढीत उतरतात.

हे शिकवून येते का?

काही प्रमाणात, हो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील गटाने २००५ मध्ये 'एंटरिंग मेंटॉरिंग' हा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. अपेक्षा आधीच स्पष्ट करणे, विद्यार्थ्याला खरेच समजले का हे तपासणे, हळूहळू त्याला स्वतंत्र करणे, असे त्यातील विषय. त्यावर आधारलेल्या सुमारे आठ तासांच्या प्रशिक्षणाची चाचणी १६ वैद्यकीय संशोधन संस्थांत झाली. त्यात २८३ गाइड-विद्यार्थी जोड्या होत्या. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार प्रशिक्षण घेतलेल्यांची कौशल्ये अधिक सुधारली. मात्र ही सुधारणा मुख्यतः गाइडनी स्वतःच नोंदवलेली होती. विद्यार्थ्यांचे संशोधन त्यामुळे सुधारले, असे त्यावरून म्हणता येत नाही.

इथे आज काय उपलब्ध आहे?

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' उपक्रम २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना शिबिरांतून निवडून शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प देतो. देशातील तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते आणि ती शिक्षकांनाही मिळते. पण दोन्हीकडे जागा मोजक्या. घरात आधी कुणी संशोधन केलेले नसेल, तर अशा संधी आहेत हे सांगणारा आणि शिफारसपत्र देणाराही गाइडच असतो.

मग करायचे काय?

विद्यार्थ्यांनी प्रकल्प घेण्याआधी हे विचारून घ्यावे:

- आठवड्यातून किती वेळा भेट होणार?
- लॅब किती वाजेपर्यंत उघडी? लांबून लोकलने येणाऱ्याला हे आधी कळायलाच हवे.
- लिखाण तपासून किती दिवसांत मिळेल?
- निबंध छापला तर नावे कोणत्या क्रमाने?

उत्तरे ईमेलवर लिहून घेतली, तर पुढचे गैरसमज टळतात.

महाविद्यालयांसाठी आठ तास म्हणजे दोन शनिवार. मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे ठाण्यात आणि कल्याणमध्ये आहेतच. तिथे परिसरातील सर्व महाविद्यालयांच्या गाइडसाठी एकत्र कार्यशाळा घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याला दुसऱ्या विभागातील एक जोडमार्गदर्शक दिला, तर गाइडशी न जमल्यास बोलायला कुणीतरी असेल. यासाठी नवी इमारत लागत नाही की महागडे यंत्रही. पहिल्या तुकडीचे प्रकल्प सुरू होण्याआधी हे झाले, तर त्याचा खरा उपयोग.