अंड्याचा हलवा, सगळ्यांच्या वाट्याचा

आपल्या घरांत प्रोटीनचा विषय निघतो तो बहुतेक वेळा जिमला जाणाऱ्या मुलासाठी. त्याला सकाळी चार अंडी उकडून मिळतात, वर दुधाचा पेला. त्याच घरातली नववी-दहावीतली बहीण चहात खारी बुडवून शाळेत येते. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकणाऱ्या अशा मुली मला दरवर्षी वर्गात दिसतात. त्यांच्या अम्मींचंही वेगळं नसतं. सगळ्यांचं उरकल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला सालनातला रस्साच उरतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन हवं. म्हणजे ५५ किलो वजनाच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. बाईला कमी आणि पुरुषाला जास्त, असा फरक या आकड्यात नाही. तो आपल्या स्वयंपाकघरात आहे.

गोडाचं मात्र बरं असतं. ते सगळ्यांना सारख्या वाट्या भरून दिलं जातं. म्हणून या वेळी अंड्याचा हलवा. जुन्या बायका बाळंतिणीला आणि थंडीच्या दिवसांत करून घालायच्या, आता तो मागे पडलाय.

सहा माणसांसाठी सहा अंडी, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम बिनसायीची दूध पावडर, १०० ग्रॅम साखर, तीन मोठे चमचे तूप, वेलची आणि असल्यास चिमूटभर केशर घ्या. दूध आटवून निम्मं करा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम दुधात अंडी घातली तर ती तिथेच शिजून गोळे होतात. अंडी, साखर आणि दूध पावडर एकत्र फेटा, त्यात गार दूध आणि केशर घाला आणि सगळं गाळून घ्या. गाळायचा कंटाळा करू नका, वासाची तक्रार निम्मी तिथेच संपते.

जाड बुडाच्या कढईत तूप मंद आचेवर तापवून त्यात हे मिश्रण ओता आणि ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांत ते फाटल्यासारखं दिसेल, पाणी सुटेल. नव्या मुली इथे घाबरतात आणि गॅस बंद करतात. बिघडलेलं काही नसतं. तेच व्हायला हवं. आणखी दहा-पंधरा मिनिटं परता. पाणी आटलं, हलवा रवाळ झाला आणि कडेने तूप सुटलं की वेलची घालून उतरवा. तळाशी लागू देऊ नका. करपलेल्या अंड्याचा वास वेलचीनेही जात नाही.

हिशोब असा: सहा अंड्यांतून ३६ ग्रॅम, दुधातून १६ आणि पावडरीतून सुमारे १७. म्हणजे दर वाटीत ११ ग्रॅमच्या वर. दीडशे ग्रॅम रव्याचा शिरा सहा जणांत वाटला तर रव्यातून प्रत्येकी जेमतेम तीन ग्रॅम मिळतं. साखर आणि तूप मात्र त्यात याहून जास्तच लागतं.

बाजारातल्या तयार पुडिंगच्या पाकिटांबद्दल बऱ्याच जणी विचारतात. त्यातल्या काहींत जिलेटिन असतं. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, आणि जनावर कोणतं, जिबह कसं केलेलं, हे पाकिटावर सहसा नसतं. हिरवी खूण असेल तर जिलेटिनची शंका उरत नाही. घरी जमवायचंच असेल तर चायनाग्रास आहेच, ते समुद्री शेवाळाचं असतं. पण त्यात स्वतःचं प्रोटीन नसल्यासारखंच, जे काही असेल ते दुधाचं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी शब-ए-बारातचा चणाडाळीचा हलवा आहे. दोनशे ग्रॅम डाळीत ४० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, पण तूप-साखर हात राखून घाला. मधुमेह असलेल्यांच्या हलव्यात साखर निम्म्यावर आणा, खजूर घालून ती साखर चुकत नाही. किडनीचा आजार असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

हलवा उतरवला की आधी सहा वाट्या मोजून भरा, स्वतःचीही, आणि मगच बाहेर न्या. उरला तर फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो. सेहरीत एक वाटी हलवा आणि एक चपाती घेऊन रोजा धरणाऱ्या मुलीला दुपारपर्यंत चांगला आधार राहतो.