‘घरी या’ म्हणणारी पत्रे

युद्धाचा इतिहास सेनापतींच्या खलित्यांवरून लिहिण्याची प्रथा जुनी आहे. शिपायाच्या घरून आलेल्या पत्राला त्यात जागा मिळालीच तर ती तळटीपेत मिळते. अमेरिकेच्या यादवी युद्धात मात्र (१८६१ ते १८६५) खुद्द सेनापतीलाच या पत्रांची दखल घ्यावी लागली. २४ फेब्रुवारी १८६५ रोजी, म्हणजे शरणागतीला जेमतेम दीड महिना उरला असताना, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने नॉर्थ कॅरोलिनाचे गव्हर्नर झेब्युलॉन व्हॅन्स यांना कळविले, की त्यांच्या राज्यातील पलटणींतून शिपाई पळून जात आहेत आणि घरची माणसे त्यांना जे कळवतात त्याचा या शिपायांच्या मनावर मोठा परिणाम होत आहे. लक्षावधींची फौज बाळगणाऱ्या सत्तेच्या सेनापतीने पराभवाच्या उंबरठ्यावर शेतकऱ्याच्या बायकोच्या पत्राकडे बोट दाखवावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ली याने कारण बरोबर ओळखले होते, पण त्या कारणामागच्या कारणाकडे पाहण्याची त्याच्या वर्गाची तयारी नव्हती.

या पत्रांत होते तरी काय? देशभक्ती नव्हती, तशी देशद्रोहाची भाषाही नव्हती. मका किती उरला, डुक्कर कुणी नेले, नांगराला फाळ नाही, मूल तापाने पडले आहे, आणि पेरणीला कोण येणार, हे होते. लिहिणाऱ्या बहुतेक जणींना जेमतेम अक्षरओळख होती. त्या बोलल्याप्रमाणे अक्षरे जुळवीत. जिला तेवढेही येत नसे ती शेजारणीकडून लिहवून घेई. उत्तरेच्या नाकेबंदीने कागद दुर्मीळ झाला, तेव्हा आलेले पाकीट उलटून त्यातूनच उत्तर जाऊ लागले. जुलै १८६२ पासून टपाल हशील पाच सेंटांवरून दहा सेंट झाले. शिपायाचा पगार महिना अकरा डॉलर. तोही वेळेवर मिळत नसे, आणि मिळे तेव्हा चलनफुगवट्याने त्याची किंमत उतरलेली असे. मीठ तर असे नाहीसे झाले, की मांस धुरवण्याच्या खोपटातली माती खणून, ती पाण्यात उकळून लोक त्यातून मीठ काढू लागले. मिठाशिवाय मांस टिकत नाही आणि मांसाशिवाय त्या डोंगराळ मुलखातला हिवाळा निभत नाही. तेव्हा मीठ नाही हे वाक्य पत्रात आले, की वाचणाऱ्याला पुढचे सारे कळत असे.

या हलाखीला केवळ युद्धाची अपरिहार्यता म्हणता येणार नाही. ती कायद्याने वाटून दिलेली होती. १६ एप्रिल १८६२ रोजी दक्षिणेच्या सरकारने अठरा ते पस्तीस वयाच्या गोऱ्या पुरुषांची सक्तीची भरती सुरू केली. पुढे ही मर्यादा पंचेचाळीसपर्यंत नेली, आणि फेब्रुवारी १८६४ मध्ये सतरा ते पन्नास. ज्याच्याजवळ पैसा होता त्याला १८६३ च्या अखेरपर्यंत आपल्याऐवजी भाडोत्री माणूस पाठवता येत होता. ऑक्टोबर १८६२ च्या कायद्याने, ज्या मळ्यावर वीस किंवा अधिक गुलाम असतील तेथील एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट मिळाली. १८६४ मध्ये ही अट पंधरा गुलामांवर आली. म्हणजे ज्यांच्या मालमत्तेसाठी हे युद्ध पेटले त्यांना घरी बसण्याची सवलत, आणि ज्याच्या घरी राबणारा तो एकटाच त्याला बंदूक! त्यातच एप्रिल १८६३ मध्ये शेतमालाचा दहावा हिस्सा वस्तुरूपाने वसूल करणारा कर आला. लष्करासाठी धान्य आणि जनावरे सक्तीने उचलणारे अधिकारी त्याआधीच फिरू लागले होते. मोठे मळेवाले मात्र मका पेरा म्हणून सांगितले तरी कापूस आणि तंबाखू लावीतच राहिले. हे युद्ध श्रीमंतांचे, पण लढाई गरिबांची, अशी म्हण तेव्हा शिपायांच्या तोंडी होती. ती कुणा पुढाऱ्याने रचलेली घोषणा नव्हती.

पत्र वाचून जो निघाला तो शत्रूला भिऊन पळाला, असे म्हणणे म्हणूनच खोटे आहे. पुष्कळ जण पेरणीपुरते किंवा कापणीपुरते घरी गेले आणि काम उरकून पलटणीत परतले. राज्यकर्त्यांच्या लेखी दोघेही फरारीच. सप्टेंबर १८६४ मध्ये जॉर्जियातील मेकन येथे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनी भर सभेत सांगून टाकले, की आपली दोन तृतीयांश माणसे जागेवर नाहीत आणि त्यांतील बहुसंख्य रजेविना गेली आहेत. संपूर्ण युद्धात दक्षिणेच्या फौजेतून एक लाखावर शिपाई पळाल्याचा हिशेब दिला जातो. (उत्तरेचा आकडा याहून मोठा, दोन लाखांच्या घरात आहे, पण उत्तरेची फौजही मोठी होती.)

सत्तेने याला काय उत्तर दिले? व्हॅन्स यांनी मे १८६३ मध्येच जाहीरनामा काढून, घरच्या मंडळींनी शिपायांना परत बोलावू नये अशी तंबी दिली. तंबीने पोट भरत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलिनातील सॉल्झबरी गावी पन्नासेक स्त्रियांनी, त्यांत बहुतेक शिपायांच्या बायका, दुकाने आणि गोदामे गाठून पीठ ताब्यात घेतले होते. २ एप्रिलला तोच प्रकार खुद्द रिचमंड राजधानीत झाला, तेव्हा डेव्हिस यांनी आधी खिशातली नाणी फेकली आणि मग गोळीबाराची धमकी दिली. डोंगराळ मॅडिसन परगण्यात तर जानेवारी १८६३ मध्ये मिठावरून रक्त सांडले. मिठासाठी मार्शल गावावर धाड घातल्याच्या संशयावरून पकडलेले तेरा जण शेल्टन लॉरेल खोऱ्यात लेफ्टनंट कर्नल जेम्स कीथ याच्या हुकुमाने गोळ्या घालून मारले गेले. त्यांत तेरा वर्षांचा मुलगाही होता. आदल्या दिवसांत त्यांच्या बायकांना फटके मारून नवऱ्यांचा ठावठिकाणा विचारण्यात आला होता. पुढे १८६४ मध्ये रँडॉल्फ भागातील स्त्रियांचे अंगठे कुंपणाच्या लाकडांखाली दाबले गेले, तेही याच प्रश्नासाठी. फेब्रुवारी १८६४ मध्ये किन्स्टन येथे जनरल पिकेट याने बावीस जणांना फाशी दिले. आपली फौज सोडून उत्तरेच्या फौजेत गेले, हा त्यांचा गुन्हा.

येथवर वाचून आपल्यातील काही मित्रांना हा शेतकऱ्यांचा वर्गलढा होता असे म्हणण्याचा मोह होईल. मिसिसिपीच्या जोन्स परगण्यात न्यूटन नाइट या फरारी शेतकऱ्याने बंडखोरांची तुकडी उभारली होती, तिच्यावर २०१६ साली चित्रपटही निघाला, आणि अशा कहाण्यांचे आपल्याला भारी आकर्षण. पण सत्य इतके सोयीचे नाही. घरी परतलेल्या या गोऱ्या शेतकऱ्यांपैकी फार थोड्यांना गुलामगिरीबद्दल काही म्हणायचे होते. वीस गुलामांच्या कायद्यावर त्यांचा राग होता, तो त्यातील ‘वीस’ या शब्दावर. ‘गुलाम’ या शब्दावर नव्हे. युद्धानंतर त्यांच्यातील कित्येक जण वंशवर्चस्वाच्या राजकारणात जुन्या मळेवाल्यांच्याच मागे उभे राहिले. पोटाच्या संतापाने राज्य खिळखिळे होते. त्यातून समतेची जाणीव आपोआप उगवत नाही.

आणि ज्यांच्यासाठी समतेला खरा अर्थ होता, त्या चाळीस लाख काळ्या माणसांची पत्रे कुठे आहेत? फारच थोडी सापडतात. नॉर्थ कॅरोलिनाने १८३० सालीच गुलामाला लिहावाचायला शिकवणे गुन्हा ठरविले होते. त्यांनी कागदाऐवजी पाय वापरले. मळे सोडून ते उत्तरेच्या छावण्यांकडे चालत गेले, त्यांतील आणि उत्तरेकडील मिळून सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे लोक फौजेत भरती झाले. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ साली या प्रस्थानाला सार्वत्रिक संप म्हटले, ते यथार्थ आहे. शेतकरी पळाला तो स्वतःच्या शेताकडे. गुलाम पळाला तो दुसऱ्याच्या शेतापासून. या दोन पळण्यांची भेट झाली असती, तर दक्षिणेचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास वेगळा झाला असता.

आपल्याकडे हे युद्ध पोचले ते कापसाच्या भावातून. नाकेबंदीमुळे अमेरिकन कापूस अडकला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. मुंबईत शेअरांचा जुगार माजला. १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळले. चढत्या भावांच्या त्या काळात दख्खनच्या शेतकऱ्याची पत वाढली आणि तिच्यामागून कर्जही वाढले. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्याच्या कारणांत हा चढउतारही मोजला जातो. या युद्धातून योग्य तो अर्थ आपल्यात काढला तो जोतीराव फुल्यांनी. १८७३ सालचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यांची नजर सेनापतींवर नव्हती.

१९६५ नंतर आपण जवान आणि किसान यांचा जयजयकार एका दमात करतो. परंतु ही दोन माणसे पुष्कळदा एकाच घरातली असतात, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याला जाते, याचा विचार घोषणा देणारे करीत नाहीत. सीमेवरच्या मुलाला घरच्या कर्जाची, जप्तीची, पिण्याच्या पाण्याची बातमी कळू नये, म्हणजे त्याचे मनोधैर्य टिकेल, असे मानणारे राज्य ली याच्याच वाटेने जाते. बातमी थांबवायची, की बातमीचे कारण थांबवायचे, असा हा प्रश्न आहे.

हरलेल्या दक्षिणेने पुढे आपली कहाणी नव्याने रचली. १९१४ मध्ये रॅलेच्या राज्यभवनासमोर दक्षिणेच्या स्त्रियांचे स्मारक उभारले गेले. एक वृद्धा ग्रंथ घेऊन बसली आहे, आणि शेजारच्या मुलाच्या हातात तलवार आहे. युद्धाची थोरवी ती त्याला समजावून देत असावी, अशी ती रचना. जून २०२० मध्ये हे शिल्प हलविण्यात आले. त्याच रॅले शहरात, राज्याच्या दफ्तरखान्यात, व्हॅन्स यांच्या कागदपत्रांत, शिपायांच्या बायकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले अर्ज आजही आहेत. त्यांत तलवारीचा उल्लेख नाही. कापणीपुरते तरी त्याला सोडा, एवढेच मागणे आहे.