दोन तारखांमधला महिना आपला

मानसिक आरोग्य परिचर्येत एम.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक डिप्लोमा केलेल्या नर्सने मध्य प्रदेशातल्या बालाघाटसारख्या जिल्ह्यात स्वतःचे केंद्र उघडावे का? उघडले तर चालेल का? आमचे उत्तर स्पष्ट आहे. उघडावे, आणि पाया नीट घातला तर ते चालेल. पाया कशाचा, एवढेच आधी ठरवायला हवे.

2011 च्या जनगणनेनुसार बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या 17 लाखांच्या घरात होती. वारासिवनी, कटंगी, लांजीचा धानपट्टा, भरवेलीची मँगनीज खाण, मलाजखंडची तांब्याची खाण, बैहर-बिरसाकडची गोंड आणि बैगा वस्ती असा हा पसारा आहे. मनाच्या आजारासाठी इथली कुटुंबे गोंदियाला जातात, पुष्कळदा थेट नागपूर गाठतात. दिवसभराची मजुरी बुडवून रांगेत बसायचे, डॉक्टरांची काही मिनिटे मिळवायची आणि महिन्याची औषधे घेऊन रात्री परतायचे. पुढची तारीख महिन्याने.

आजाराचे खरे भवितव्य त्या मधल्या महिन्यात ठरते. गोळीने सुस्ती येते म्हणून ती रोवणीच्या दिवसांत बंद होते. बरे वाटू लागले म्हणून बंद होते. शेजाऱ्याने 'किडनी जाईल' म्हटले म्हणून बंद होते. मुलीचे लग्न ठरताना डॉक्टरांची चिठ्ठी कुणाच्या हाती लागू नये म्हणूनही बंद होते. निम्हान्सने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे दिसले. उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण आजारानुसार 70 ते 92 टक्के होते. नुसते नवे रुग्णालय बांधून ही दरी भरणार नाही. महिन्याच्या त्या तीस दिवसांत घराजवळ जाणते माणूस हवे. ते माणूस म्हणजे आपण.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. अमेरिकेत 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण सुरू केले. आज तिथल्या अर्ध्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनर स्वतःच्या अधिकारात निदान करतात आणि औषध लिहितात. मनोविकारांची औषधे स्वतंत्रपणे लिहिण्याचा तसा अधिकार भारतातल्या नर्सला नाही. तो मिळावा म्हणून भांडू. मिळेपर्यंत चिठ्ठी लिहायची नाही, डोस बदलायचा नाही, दारावरच्या पाटीवर 'डॉक्टर' लिहायचे नाही. ओळखीच्या घरातून 'सिस्टर, झोपेची एक गोळी द्या' असा आग्रह झाला तरीही नाही. इथे एकदा पाय घसरला की कायदा तर आडवा येतोच, गावाचा विश्वासही परत मिळत नाही.

ही रेषा पाळूनही हाताला भरपूर काम उरते. लिथियम घेणारा मजूर मे महिन्याच्या उन्हात राबतो, घाम गाळतो, अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतो. त्याच्या रक्तातले लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. हात थरथरणे, उलट्या-जुलाब, अडखळती चाल ही लक्षणे ओळखून त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडणारे कुणी हवे. रक्ततपासणी शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी व्हायला हवी, हेही कुणी तरी सांगायला हवे. क्लोझापिनवरच्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी पहिले 18 आठवडे दर आठवड्याला तपासायच्या असतात. त्याला ताप आला, घसा दुखला तर थांबता येत नाही, आणि बद्धकोष्ठतेची चौकशी दर भेटीत करावी लागते. ओलान्झापिनने वाढणारे वजन आणि साखर, डॉक्टरांच्या लेखी आदेशाने द्यायचे लांब मुदतीचे इंजेक्शन, व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या तरुण स्त्रीशी गर्भधारणेबद्दल मोकळे बोलणे, मोहाची दारू अचानक सोडलेल्या माणसात दोन-तीन दिवसांनी उसळणारा भ्रम ओळखून त्याला तातडीने रुग्णालयात नेणे, हे सगळे नर्सचे शास्त्र आहे. आणि ज्या बायकोने वर्षभर नीट झोप घेतलेली नाही तिचे ऐकून घेणे, हाही त्याचाच भाग आहे.

अशा कामाला पुरावा आहे आणि त्यातला काही आपल्याच भागातला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातले कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांची साखळी उभी केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झालेल्या स्किझोफ्रेनियाच्या चाचणीत, केवळ रुग्णालयातल्या उपचारांपेक्षा घरी जाऊन केलेल्या साथीची जोड अधिक उपयोगी पडली. दोन्ही ठिकाणी प्रशिक्षित सामान्य माणसांनी हे साधले. औषधांचे शिक्षण घेतलेली नर्स त्याहून पुढे जाऊ शकते.

आता व्यवहाराचे. पहिले, गोंदिया, नागपूर किंवा जबलपूरच्या एखाद्या मनोविकारतज्ज्ञाशी लेखी करार करा: कोणत्या स्थितीत तुम्ही फोन कराल, कोणते रुग्ण ताबडतोब पाठवाल, रात्री कोण उत्तर देईल. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नर्स रुग्णाशेजारी बसून डॉक्टरांशी दूरसल्लामसलत घडवू शकते. याचा लाभ घ्या. नागपूरची एक फेरी वाचली तरी कुटुंब तुमची फी आनंदाने देईल.

दुसरे, नोंदणी. गोंदियात शिकलेल्या नर्सने बालाघाटात काम करायचे तर मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलकडे नाव हवे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आरोग्य नर्सची व्याख्या आहे आणि राज्य प्राधिकरणाकडे तिच्या नोंदणीची तरतूद आहे. कलम 89 नुसार रुग्णाला दाखल करताना जे दोघे तपासतात, त्यांत मनोविकारतज्ज्ञासोबतची दुसरी व्यक्ती नोंदणीकृत मानसिक आरोग्य व्यावसायिक असू शकते. कायद्याने दिलेले हे स्थान नोंदणीशिवाय कागदावरच राहते. शिवाय रुग्णाला मुक्कामी ठेवले की केंद्र 'आस्थापना' ठरते आणि नियमांचा मोठा भार येतो. सुरुवात दिवसाच्या भेटी आणि गृहभेटींनीच करा.

तिसरे, फी. सेवा म्हणजे फुकट, ही समजूत नर्सच्या माथी फार काळ मारली गेली आहे. दर भिंतीवर लावा, पावती द्या. गृहभेट, इंजेक्शन आणि फोनवरची विचारपूस मिळून महिन्याची एक रक्कम ठेवा. ज्याला परवडत नाही त्याला जिल्हा रुग्णालयाची आणि टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकाची वाट दाखवा. सरकारी सेवेतून मिळणारी गोळी तुमच्याकडून विकत घ्यायला लावू नका.

चौथे, गुप्तता. छोट्या गावात कोण कुठल्या दारातून बाहेर पडले हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते. केंद्रात रक्तदाब आणि साखरेची तपासणीही ठेवा, म्हणजे आत येणाऱ्याकडे कुणी वळून पाहणार नाही. नोंदवही कुलपात ठेवा. गृहभेटीला गणवेश घालू नका.

असे केंद्र पहिल्या वर्षी श्रीमंत करणार नाही. गुनियाकडे, म्हणजे झाडफूक करणाऱ्याकडे, आधी गेलेले कुटुंब तुमच्याकडे उशिरा येईल, त्याला रागावू नका. धान विकल्यावर फी देणारे असतील, त्यांची सोय ठेवा. यशाचे माप मात्र आजच ठरवा: वर्षापूर्वी आलेल्या रुग्णांपैकी किती जण आजही उपचारात आहेत आणि किती कामावर परतले आहेत. हा आकडा दर महिन्याला वहीत लिहा. तो चांगला असेल तर डॉक्टर स्वतःहून रुग्ण पाठवतील आणि उद्या औषध लिहिण्याच्या अधिकाराची मागणी करताना आपल्या हातात अर्जासोबत पुरावाही असेल. तेव्हा प्रशिक्षण झालेल्या प्रत्येक सिस्टरला आणि ब्रदरला आमचे आवाहन आहे: नोंदणी करा, करार करा आणि आपल्या तालुक्यात पाटी लावा.