ऑनलाइन शिकणाऱ्याचे घरभाडे अर्धे होते का?

अमेरिकेत फौजेतून बाहेर पडलेल्या माणसाला पुढे शिकायचे असेल तर सरकार त्याची फी भरते आणि वर दरमहा घरभाड्याचे पैसे देते. २००८ साली झालेल्या आणि १ ऑगस्ट २००९ पासून लागू झालेल्या या कायद्याला तिथे पोस्ट-९/११ जीआय बिल म्हणतात. कॉलेज ज्या भागात आहे, त्या भागात कुटुंब असलेल्या सार्जंट दर्जाच्या सैनिकाला जो घरभत्ता मिळतो, त्यावरून ही रक्कम ठरते. महागडे शहर असेल तर रक्कम मोठी.

पण तोच माजी सैनिक सगळे विषय ऑनलाइन शिकत असेल तर? तर देशभराच्या सरासरी भत्त्याच्या जास्तीत जास्त निम्मे. तो कुठेही राहत असो, महिन्याला साधारण हजार डॉलरच्या आसपास. सुरुवातीला तर ऑनलाइनवाल्याला घरभाडे म्हणून काहीच नव्हते. निम्मे मिळू लागले ते ऑक्टोबर २०११ पासून. एकच विषय प्रत्यक्ष वर्गात बसून केला तर मात्र पूर्ण रक्कम मिळते. म्हणून कित्येक जण त्या एका विषयासाठी धडपडत कॉलेज गाठतात.

मित्रांनो, अमेरिकेतल्या सैनिकांच्या भत्त्याचे आपल्याला काय, असे तुम्ही म्हणाल. या नियमामागचा तर्क ओळखीचा आहे, म्हणून हा लेख. तर्क असा, की जो घरी बसून शिकतो त्याला घर आहेच. घर कोणाकडे असते आणि कोणाकडे नसते, हे कोणी ठरवले, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही.

कॉलेजला न जाता पडद्यासमोर शिकणारा माजी सैनिक असतो तरी कोण? ज्याचा पाय युद्धात गेला. जी एकटी आई मुलांना सांभाळत शिकते. जो दिवसा गोदामात काम करतो. ज्याच्या गावापासून विद्यापीठ तीन तासांवर आहे. यांचा घरमालक निम्मे भाडे घेत नाही. उलट ऑनलाइन शिकायचे तर इंटरनेट लागते, दार लावून बसता येईल असा कोपरा लागतो.

कोविडने हा नियम उघडा पाडला. मार्च २०२० मध्ये कॉलेजे बंद पडली, वर्ग पडद्यावर गेले. नियमाप्रमाणे लाखो विद्यार्थ्यांचा भत्ता एका रात्रीत निम्मा झाला असता. अमेरिकी संसदेने त्याच महिन्यात घाईने कायदा करून पूर्ण भत्ता चालू ठेवला आणि मुदत वाढवत ती सवलत १ जून २०२२ पर्यंत नेली. वर्ग ऑनलाइन झाला म्हणून भाडे कमी होत नाही, हे सरकारने स्वतः मान्य केले. पण जे आधीपासूनच ऑनलाइन शिकत होते ते निम्म्यावरच राहिले. एकाच महिन्यात, एकाच गल्लीत, दोघेही पडद्यासमोर, आणि दोघांच्या खात्यात वेगवेगळी रक्कम.

निम्म्याच्या बाजूने एक युक्तिवाद गंभीर आहे, तो टाळून चालणार नाही. नफेखोर खासगी कॉलेजांनी माजी सैनिकांचे अनुदान लुटले. कोरिंथियन २०१५ मध्ये आणि आयटीटी टेक २०१६ मध्ये बंद पडली, तेव्हा सैनिकांचे शिक्षणाचे महिने वाया गेले. ते परत देण्यासाठी २०१७ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. ऑनलाइनला पूर्ण भाडे दिले तर असली दुकाने आणखी फोफावतील, असे सांगितले जाते. धोका खरा आहे. पण लुटणारे कॉलेज असेल तर कॉलेजला आवरा. शिकणाऱ्याच्या छपरातून वसुली कशासाठी?

आता ‘घर आहेच’ याचा इतिहास पाहा. पहिले जीआय बिल २२ जून १९४४ चे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्यांना शिक्षण आणि घरकर्ज मिळावे, म्हणून ते आले. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. पण मिसिसिपीचे जॉन रँकिन यांच्यासारख्या प्रतिनिधींनी अंमलबजावणी स्थानिक हातात राहील याची काळजी घेतली आणि कर्ज द्यायचे होते गोऱ्यांच्या बँकांनी. १९४७ साली मिसिसिपीतल्या शहरांत या योजनेखाली तीन हजारांहून अधिक कर्जे दिली गेली. त्यातली काळ्या सैनिकांना किती? दोन. गोऱ्या सैनिकाने घर घेतले, पोरांना दिले. काळ्या सैनिकाची पोरे भाड्याच्या खोलीत वाढली. आज त्या दोघांचे नातू फौजेतून येऊन ऑनलाइन शिकू लागले, तर निम्मा भत्ता दोघांना सारखाच दिसतो. एकाला तो वरखर्च, दुसऱ्याला अर्धे भाडे. कागदावर जात नसलेला नियम जात कशी चालवतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

बाबासाहेबांना हे अनुभवाने माहीत होते. १९१७ साली ते कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून बडोद्याला आले ते महाराजांचे लष्करी सचिव म्हणून. पद होते, पदवी होती. राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले, अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक दारात आले. मित्रांकडे आसरा मागितला, मिळाला नाही. बागेत बसून वेळ काढला आणि मुंबईची गाडी पकडली. म्हणूनच १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाल्यावर तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते. शिक्षणाआधी छप्पर, हा आपल्या चळवळीचा क्रम आहे.

योगायोग पाहा, अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही १९४४ चीच. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. ही शिष्यवृत्ती नंतर कशी आकसत गेली बघा. २०१० च्या नियमावलीत वरच्या गटातल्या वसतिगृहातील विद्यार्थ्याला महिन्याला १,२०० रुपये निर्वाह भत्ता होता, घरून ये-जा करणाऱ्याला ५५०. आणि पत्राद्वारे शिकणाऱ्याला? फी आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० रुपये. निर्वाह भत्ता नाही. अमेरिकेने निम्मे तरी दिले.

महाराष्ट्रात २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्यात निवासाचे २०,०००. पुण्यात या पैशात कॉटही मिळत नाही, ते असो. ही योजना लढून मिळवली आहे आणि तिच्यामुळे पोरे शिकली आहेत, हे आधी मान्य करू. पण तिचा पाया महाविद्यालयातला नियमित प्रवेश आणि हजेरी हाच आहे. मुक्त विद्यापीठातून शिकणारा वस्तीतला मुलगा तिच्यात बसत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतील, तरी हिशेबात तो ‘घरी’ असतो.

आणि आता या रांगेत फौजी येतो आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होणार, बाकीचे घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये एकरकमी, त्यातला जवळजवळ निम्मा भाग त्याच्याच पगारातून कापलेला. शिक्षणाचे काय, तर इग्नूची खास पदवी, जिच्यात निम्मे श्रेयांक फौजी प्रशिक्षणाचे धरले जातात. म्हणजे दूरस्थ शिक्षण. राहायचे कुठे, खायचे काय, याबद्दल योजनेत ओळ नाही. सेवानिधी आहे ना, असे उत्तर मिळेल. ज्याच्या बापाकडे शेत आणि वाडा आहे त्याचा तो निधी धंद्याला लागेल. आपल्या पोराचा बहिणीच्या लग्नात, आईच्या दवाखान्यात आणि खोलीच्या डिपॉझिटमध्ये जाईल, आणि मग तो सुरक्षारक्षकाची रात्रपाळी करत इग्नूचे स्वाध्याय लिहील.

सुभेदार रामजींच्या पिढीला फौजेने अक्षर दिले, आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली तेव्हा तो दरवाजाही बंद झाला. १९४१ मध्ये महार बटालियन उभी राहावी म्हणून बाबासाहेबांनी जोर लावला, तो नुसत्या बंदुकीसाठी नव्हता.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरत जातात. त्याआधी आपल्या संघटनांनी समाजकल्याण आयुक्तांकडे दोन मागण्या लेखी द्याव्यात. स्वाधारचा निवास भत्ता हजेरीपटाला न बांधता विद्यार्थ्याच्या भाडेकराराला आणि परीक्षेच्या निकालाला बांधा, म्हणजे मुक्त आणि ऑनलाइन विद्यापीठांतले विद्यार्थी त्यात येतील. आणि फौजेतून परतलेल्या अनुसूचित जातीच्या जवानाला वयाची व शिक्षणातल्या खंडाची अट लावू नका. भाडेकरार करून द्यायला घरमालक तयार होत नाहीत, ही अडचण येणारच, तेव्हा सरपंच किंवा नगरसेवकाचा दाखला चालावा असेही त्यातच लिहा. निवेदनासोबत आपापल्या तालुक्यातून अग्निवीर म्हणून गेलेल्या मुलांची यादी जोडा. ही यादी कोणत्याही कार्यालयात तयार मिळणार नाही, ती वस्तीत फिरूनच करावी लागेल.

जयभीम.