एक समाज, तीन नोंदी : कैकाडी बांधवांची ओळख

पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावांत पूर्वी घरोघरी धान्याची कणगी असे. ती कणगी आणि शेतातल्या टोपल्या विणणारे हात बहुधा कैकाडी समाजाचे असत. आता धान्य पत्र्याच्या कोठीत जाते, टोपलीची जागा प्लास्टिकने घेतली आणि ते हात आपल्या स्मरणातूनही लोपत चालले आहेत. २०२७च्या जनगणनेत जातींचीही नोंद घेण्याचे केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केले. त्या निमित्ताने या शेजाऱ्यांचा इतिहास जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कैकाडी समाजाची पिढीजात बोली मराठी नव्हे. ती द्राविडी कुळातील असून तमिळला जवळची आहे. कर्नाटकातील कोरच व कोरम आणि आंध्रातील येरुकुल हे त्यांचेच भाऊबंद मानले जातात. बोली दक्षिणेची असली, तरी भक्ती विठ्ठलचरणी रुजली. पंढरपुरातील कैकाडी महाराजांचा मठ त्याची साक्ष देतो.

ब्रिटिश सरकारने मात्र त्यांना वेगळेच नाव दिले. १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही अमलात आला व कैकाडी त्याच्या कक्षेत आले. अपराध व्यक्तीचा, पण कलंक जन्माचा, असा तो न्याय होता. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तेथे हजेरी सक्तीची होती आणि गिरण्यांना मजूर मिळत होते. काही काळ या वसाहतीची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मिशनरींनी तेथे शिक्षणाचे काम केले, हे खरे. परंतु ख्रिस्ती सेवेचा हात त्या कुंपणाच्या व्यवस्थेलाही लागला होता, हे आपण ख्रिस्ती लोकांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. कुंपण गेले, नोंदींचा गुंता राहिला. महाराष्ट्रात विदर्भातील कैकाडी अनुसूचित जातींत मोडतात, तर सोलापूरसह उर्वरित राज्यातील कैकाडी विमुक्त जातींत. कर्नाटकात कोरच व कोरम अनुसूचित जातींत आहेत. आंध्रात येरुकुल अनुसूचित जमातींत. विदर्भातील कैकाडी व सोलापूरचा कैकाडी एकमेकांचे सोयरे असू शकतात, पण त्यांच्या मुलांना मिळणाऱ्या सवलती सारख्या नसतात. हे क्षेत्रीय बंधन हटवावे, ही समाजाची जुनी मागणी आहे. घटनेच्या ३४१व्या कलमानुसार अनुसूचित जातींच्या यादीत बदल करण्याचा अधिकार केवळ संसदेस आहे, म्हणून मुंबईतील निर्णय पुरेसा ठरत नाही. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ साली व भिकू इदाते आयोगाने २०१८ साली विमुक्त-भटक्यांचे प्रश्न केंद्रापुढे मांडले. तरीही गुंता सुटलेला नाही.

यादी बदलणे आपल्या हाती नाही. पण जनगणनेचा कर्मचारी दाराशी येईल तेव्हा कैकाडी कुटुंबाने आपली जात व मातृभाषा न संकोचता सांगावी, असे वातावरण गावात निर्माण करणे आपल्या हाती आहे. गावात चोरी झाली की प्रथम कोणाच्या पालाकडे बोट जाते? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःशी द्यावे. कायद्याने पुसलेला कलंक आपल्या मनात उरला असेल, तर तो पुसण्यास संसदेची वाट पाहावी लागत नाही.