सायकल खोपटच्या मुलींनाही हवी

२००६ साली बिहार सरकारने नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार, त्यामुळे माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले. शाळा लांब असलेल्या गावांत सर्वाधिक.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते, पण फक्त १२५ मागास तालुक्यांत. ठाणे शहर त्यात बसत नाही. म्हणजे खोपटच्या वस्तीतली मुलगी सरकारी कागदावर गरजू ठरतच नाही. कॉलेज, क्लास, वाचनालय, सगळीकडे रिक्षाचे भाडे मोजायचे. पैसे कमी पडले की आधी मुलीचा क्लास सुटतो.

ॲपवरच्या भाड्याच्या सायकलींवरही विसंबता येत नाही. पुण्यात २०१७-१८ मध्ये गाजावाजात आलेल्या अशा सायकली काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या.

म्हणून आपण दोन कामे एकदम हाती घेऊ. महापालिकेच्या महिला व बालकल्याण निधीतून सायकली मागू, मुलींच्या नावांच्या यादीसह. आणि विहारात दर रविवारी पंक्चर, ब्रेक, चेन दुरुस्ती शिकू, मुली-मुले मिळून. नाहीतर मिळालेली सायकल पहिल्या पंक्चरलाच भिंतीला टेकते. यादीची सुरुवात येत्या रविवारीच करू.